पडसं: रंग बघू नका, दिवस मोजा

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात घरोघरी नाकं वाहायला लागली की औषधाच्या दुकानात ‘तीन गोळ्यांचा कोर्स द्या’ म्हणणारेही वाढतात. त्या तीन गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅझिथ्रोमायसिन. हे औषध जिवाणूंवर चालतं, आणि पडसं होतं विषाणूंमुळे. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख होते न होते, तोच दुसरा हजर. मोठ्या माणसाला वर्षातून 2-3 वेळा आणि लहान मुलाला 6-8 वेळा पडसं होणं यात काही वावगं नाही.

मग त्या गोळ्यांनी गुण आला असं का वाटतं? पडशाचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. माणूस कंटाळून गोळी घेतो तीही तेव्हाच. पुढचा उतार आपोआप येणारच होता, श्रेय मात्र गोळीला जातं.

दुसरा गैरसमज शेंबडाच्या रंगाचा. सुरुवातीला पाण्यासारखं वाहणारं नाक दोन-तीन दिवसांनी घट्ट, पिवळं, हिरवट होतं. हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा असतो. नुसत्या रंगावरून प्रतिजैविक सुरू करू नये. त्यापेक्षा दिवस मोजा. साधं पडसं 7 ते 10 दिवसांत ओसरतं, खोकला तेवढा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. 10 दिवस झाले तरी कणभरही उतार नाही, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा ताप आला आणि गालफडं, कपाळ ठणकू लागलं, तर सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांत, जिवाणू शिरल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांकडे जावं.

घशाचं एक दुखणं मात्र वेगळं आहे. ताप आहे, गिळताना घसा चिरल्यासारखा दुखतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, आणि खोकला, वाहतं नाक यांचा पत्ता नाही. मूल 5 ते 15 वर्षांचं असेल तर हा स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याच्यावरचे उपचार अर्धवट सोडले तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. इथे डॉक्टर पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन 10 दिवस देतात, ते दहाही दिवस घ्यायचं. गंमत बघा, ज्याला गरज नाही तो तीन गोळ्या हट्टानं घेतो, आणि ज्याला गरज आहे तो घसा दुखायचा थांबला की तिसऱ्या दिवशी औषध बंद करतो.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत दिवस नव्हे, श्वास मोजायचे. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना मोजलेला आकडा धरू नका. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूधच ओढत नसेल, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरतं. मुलांना वजनाच्या दर किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर आणि दिवसात चारच डोस. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर आधी डॉक्टर, मग औषध. चूक होते ती बाटलीत. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं, तसंच 250 मिलिग्रॅमचंही. 10 किलोच्या मुलाला पहिल्यातलं 6 मिलिलिटर बरोबर. तेवढंच दुसऱ्यातलं दिलं की डोस दुप्पट झाला. मोठ्यांनीही सर्दीच्या गोळीची पट्टी उलटून वाचावी. तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल असतंच, वर तापाची वेगळी गोळी घेतली की यकृतावर भार पडतो.

खोकल्याची सिरपं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा बजावलं आहे. पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या. एक वर्षाच्या आत मात्र चाटणापुरताही नको, त्यातून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे दुकानात मिळणारे दोन-दोन थेंब, दूध पाजण्याआधी. गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी मुलाला वाफारा द्यायला बसवू नका, पातेलं कलंडून भाजल्याच्या घटना काही कमी नाहीत.

मोठ्यांच्या नाकात घालायचे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणूनच त्यांची सवय लागते. पाच दिवसांच्या पुढे वापरले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. बाटली उघडाल त्या दिवशीच तिच्यावर पेनानं तारीख लिहून ठेवा.