शह, चेक आणि पार्लमेंटची आग

नमस्कार श्रोतेहो. आजचा आपला शब्द आहे चेक.

इंग्रजी शब्द, पण मराठी घरात इतका मुरलेला की तो परका वाटतच नाही. गॅसचं बटण बंद केलंय का ते आपण चेक करतो. बँकेत चेक टाकतो. चेक्सचा शर्ट घालतो. रस्त्यात चेकपोस्ट लागतं, गाडीत तिकीट चेकर येतो, आणि कॅरम-बुद्धिबळाच्या दुपारी कुणीतरी ‘चेक!’ म्हणून ओरडतं. तपासणं, पैसे देणं, कापडावरच्या चौकडी, अडवणं आणि राजाला धोका, इतकी कामं एकच शब्द करतो. ही सगळी कामं आली बुद्धिबळाच्या पटावरून. लक्षात ठेवा, बुद्धिबळाच्या पटावरून. पुढे लागेल.

फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की ‘शाह’ म्हणायचं, म्हणजे राजा सांभाळ. आपल्याकडे त्याचा शह झाला. शह देणं, शह-काटशह, हे आपण रोजच्या राजकारणाच्या बातम्यांत ऐकतो. तोच शाह अरबांबरोबर पश्चिमेला गेला, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्लंडात पोचेपर्यंत त्याचा चेक झाला. म्हणजे आपला शह आणि इंग्रजांचा चेक ही सख्खी भावंडं. ‘शाह मात’चं तिकडे चेकमेट झालं, आणि आपण अजून एकमेकांवर मात करतो ती हीच. (जाता जाता सांगतो, स्पर्धेच्या नियमात ‘चेक’ म्हणण्याची सक्ती नाही. घरी मात्र म्हणावं. न सांगता राजा उचलून नेणारा भिडू मला अजिबात पटत नाही, आणि राजा मारणं नियमातही बसत नाही.)

राजाला शह बसला की मनासारखी खेळी करता येत नाही, आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. पुढे आवर ठेवण्यासाठी पडताळून बघणं. चेकपोस्ट आणि चेकर इथले. फ्रेंचमध्ये पटालाही त्याच शब्दावरून नाव मिळालं, त्यावरून चौकडीचं कापड म्हणजे चेक्स. कापडाचं इतकं पुरे, कारण मला ज्या टेबलाकडे जायचंय तिथे वेळ लागणार आहे.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचा जमाखर्च बघणाऱ्या कचेरीत एक मोठं टेबल होतं. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळून पडू नये. त्यावर काळं कापड आणि कापडावर रेघा. टेबल दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्या कचेरीलाच पटाचं नाव पडलं, एक्स्चेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात. म्हणजे झाला तो पटाचा मंत्रीच!

हिशेब करायचे कसे? रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोक्याला ताप. म्हणून रकान्यांत सोंगट्या मांडायच्या. उजवीकडे पेनी, मग शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, शंभर, हजार. पेनीच्या रकान्यात बारा झाल्या की उचलायच्या आणि शिलिंगमध्ये एक ठेवायची. शिलिंग वीस झाले की एक पौंड. प्रांताचा शेरीफ वसुली घेऊन ईस्टरला आणि मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाला, यायचा. त्याने द्यायचे किती ते एका ओळीत, आणले किती ते दुसऱ्या ओळीत. वाचता न येणाऱ्यालाही कमी पडलेलं दिसायचं. त्या काळच्या खजिनदाराने लिहून ठेवलंय की या पटावर लढाई असते ती खजिनदार आणि शेरीफ यांची.

पैसे भरले, आता पावती. पावती लाकडाची! हेझल झाडाची काठी घ्यायची, त्या काळी टीचभर, पुढे लांबत गेली. तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी, शिलिंगला त्याहून बारीक. पेनीला लाकूड न काढता नुसता चिरा. मग काठी उभी चिरायची. मूठ असलेला लांब भाग पैसे भरणाऱ्याला, त्याचं नाव स्टॉक. दुसरा कचेरीत, त्याचं नाव फॉइल. दोन भाग जुळवले की खाच खाचेला बसली पाहिजे आणि लाकडाच्या रेषाही जुळल्या पाहिजेत. कुणी आपल्या अर्ध्यावर एखादी खाच वाढवली, तर दुसऱ्या अर्ध्यावर ती येणार कुठून? लबाडी जागच्या जागी उघडी. फॉइल हा शब्द धरून ठेवा. फॉइल.

कागद आला, बँका आल्या, तरी काठ्या चालूच. १७८२ साली त्या बंद करायचा कायदा झाला, पण त्या खात्यातले मानकरी जागेवर असेपर्यंत पद्धत मोडायची नव्हती. शेवटी १८२६ मध्ये ती थांबली. उरला काठ्यांचा ढीग. १८३४ मध्ये ती जागा दुसऱ्या कामाला हवी झाली, आणि काम कुठलं, तर दिवाळखोरीचं न्यायालय!

काठ्यांचं करायचं काय? आसपासच्या गरिबांना सरपणाला द्यायला हव्या होत्या. चार्ल्स डिकन्सने १८५५ च्या एका भाषणात हाच टोला मारला. पण सरकारी शिरस्ता आडवा आला. दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या गुपचूप जाळायचं ठरलं, तेही पार्लमेंटच्या इमारतीत, लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत.

१६ ऑक्टोबर १८३४. सकाळपासून दोन मजूर काठ्या कोंबताहेत. भट्ट्या होत्या कोळशाच्या. कोळशाची आच खाली बसते, वाळलेल्या लाकडाची ज्वाळा उंच चढते, थेट धुराड्यात. धुराडी भिंतींतून गेलेली. दुपारी चारला पाहुणे सभागृह बघायला आले, तर धुरामुळे भिंतींवरचे पडदे दिसेनात आणि बुटांच्या तळव्यांतून जमिनीची धग लागायला लागली. तरी कोणी भट्टी विझवली नाही! पाचच्या सुमारास काम संपवून मजूर गेले. सहाच्या सुमारास ज्वाळा दिसल्या. रात्रीत लॉर्ड्स गेलं, कॉमन्स गेलं. वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचवला. यार्डाचं आणि पौंड वजनाचं देशाचं प्रमाण माप तिथेच ठेवलेलं होतं, तेही आगीत निकामी झालं आणि पुढे नवं करावं लागलं. आज चित्रात दिसतं ते बिग बेनच्या मनोऱ्याचं पार्लमेंट त्या राखेवरचं, चार्ल्स बॅरीच्या आराखड्याचं. जुने कागद रद्दीत घालताना तरी विचारून घालावं, असं मी उगाच म्हणत नाही.

आता फॉइल. अठराव्या शतकात पैसे देण्याच्या चिठ्ठीला एक जोडभाग ठेवायला लागले. बनावट चिठ्ठी आली तर त्याच्याशी पडताळायची. या पडताळणीच्या भागालाच आधी चेक म्हणत. पुढे नाव चिठ्ठीला गेलं आणि जोडभाग झाला काउंटरफॉइल. अमेरिकेत स्पेलिंग साधं राहिलं, ब्रिटनने एक्स्चेकरकडे बघून शेवटी ‘क्यूयूई’ लावलं, आपण ब्रिटनचं घेतलं. सरकारी भाषेत धनादेश. शब्द चांगला आहे, पण धनादेश बाउन्स झाला असं कुणी म्हणत नाही. चेकच वटतो, चेकच बाउन्स होतो.

चेक लिहिताना रक्कम अगदी डावीकडून सुरू करा आणि शेवटी ‘फक्त’ लिहा, मधे कुणाला आकडा घुसवायला जागा उरत नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि अकाउंट पेयी. नावात किंवा रकमेत खाडाखोड केली तर चेक परत येतो, सरळ नवा लिहा. मुदत तारखेपासून तीन महिने. तुमच्याकडे आलेला चेक पैशांअभावी परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि चेक देणाऱ्याला पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. तीस दिवस आणि पंधरा दिवस. आणि काउंटरफॉइल कोरं सोडू नका. तारीख, नाव, रक्कम. चेकबुक संपलं तरी ते जपून ठेवा.

चेक प्रजासत्ताकाचं मात्र यातल्या कशाशीच नातं नाही. ते तिथल्या लोकांचं नाव आहे. पुढच्या वेळी दुसरा शब्द घेऊ. नमस्कार.