लिंबातलं रक्त आणि दारातली जास्वंद

श्रोतेहो, नमस्कार.

हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. त्या सुमारास ठाण्याच्या मॉलमध्ये प्लॅस्टिकचे सांगाडे टांगलेले दिसतात. मला ते मुळीच आवडत नाही. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, वेताळ, खवीस एवढी मंडळी घरची असताना भुतं विकत कशाला आणायची? पण त्याच रात्रीचं निमित्त साधून ठाण्यातल्या एका महाविद्यालयानं सर्वांसाठी विज्ञानाची संध्याकाळ ठेवली होती. तिथे मी गेलो होतो.

दारातच पायांशी धुकं. तो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. पाण्यात टाकला की धुकं उठतं. दिसतो तो पांढरा धूर मात्र पाण्याच्या वाफेचा, गारठलेल्या वाफेचा. पुढे अतिनील दिव्याखाली टॉनिक वॉटरची बाटली निळी चमकत होती. त्यातल्या क्विनाइनची ती करामत.

आणि मग आलं लिंबू.

हडळीचा वेश केलेली एक विद्यार्थिनी मंचावर आली. तिनं लिंबू सगळ्यांना दाखवलं, सुरी फिरवली, आणि लालभडक रस ओघळला. पोरं किंचाळली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून चेंदणी कोळीवाड्यातल्या एक आजी उठल्या. "थांब गो बाय! ती सुरी दे मना."

आजी थेट मंचावर. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, सुरी खसाखसा धुतली, पदराला पुसली. दुसरं लिंबू मागितलं. कापलं. रस नेहमीसारखा, रक्ताचा थेंब नाही.

सभागृह चिडीचूप. आजी बोलायला लागल्या. धाकटा मुलगा लहान असताना तापानं फणफणला होता. भगताला बोलावलं. त्यानं पोरावरून लिंबू उतरवून कापलं, लाल रस दाखवला आणि बाधा आहे म्हणाला. कोंबडा घेतला, आजींच्या नाकातली नथही घेतली. पोराला दवाखान्यात न्यायला उशीर झाला. पोरगा वाचला, पण एका कानानं ऐकू येईनासं झालं. आजी म्हणाल्या, "तवा मी सुरी धुतली असती तर?"

त्या मुलीनं डोक्यावरचे खोटे केस काढून ठेवले. आजींचा हात धरून म्हणाली, "आजी, जास्वंद आहे ती. पाकळ्या सुरीवर चोळायच्या आणि सुरी वाळू द्यायची."

"जास्वंद? दारात हाय माझ्या! रोज गणपतीला वाहते." आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मना शिकव. एकादशीला भजनी मंडळात करून दाखवते."

श्रोतेहो, त्यानंतर वाजलेल्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

कारण सोपं आहे. जास्वंदीच्या रंगद्रव्याला आम्ल लागलं की ते लाल होतं, आणि लिंबात आम्लच असतं. शाळांमध्ये हे सहज शिकवता येईल. पण कित्येक शाळांच्या प्रयोगशाळांना वर्षभर कुलूप असतं, ते परीक्षेपुरतं निघतं, याचा मला मनापासून राग आहे.

असले चमत्कार उघडे करून दाखवण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. बाधा उतरवतो म्हणून कुणी लुबाडलं, औषधोपचार थांबवायला लावले, तर पोलीस ठाण्यात तक्रार करा.

आणि घरी करून बघा. फूल गडद लाल घ्या, सुरी पूर्ण वाळू द्या, ओली राहिली तर डाग आधीच दिसतो. लिंबू रसदार हवं. एकदा चोळलेल्या सुरीनं कापा, एकदा धुतलेल्या सुरीनं. पुन्हा सांगतो, एकदा चोळलेल्या, एकदा धुतलेल्या. सुरी धुवायचं काम घरातल्या लहानग्याकडे द्या.

नमस्कार.