पहिली दोन मिनिटं कोणाच्या बाजूने?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गटांनी थ्रिलरपटांसाठी लिहिलेल्या सुरुवाती मी वाचून आले आहे. बहुतेकांत पहिल्या अर्ध्या मिनिटात सुरा निघतो, किंकाळी येते आणि मग श्रेयनामं. खून दाखवायचा तर जरूर दाखवा. पण त्याआधी गटाने बसून एक ओळ कागदावर सगळ्यांत वर लिहावी: या क्षणी पात्राला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय? थ्रिलरच्या सुरुवातीचं सगळं नियोजन या ओळीतून निघतं, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या कसब्यातला जुना वाडा, पावसाळी संध्याकाळ. एक मुलगी दिंडी दरवाजातून आत येते, लाकडी जिना चढते, वरच्या खोलीशी थबकते. सकाळी लावलेलं कुलूप कडीला उघडं लटकतंय. ते तिला आणि आपल्याला एकाच वेळी दिसलं, तर आपण दचकतो आणि दोन सेकंदांत विषय संपतो. पण ती अजून बोळात असतानाच शहाबादी फरशीवर ओल्या चपलांचे ठसे दाखवले, खोलीत गेलेले, बाहेर न आलेले, तर? मग जिन्याची एकेक पायरी जड होते. ती पिशवीत किल्ली चाचपते, शेजारच्या काकूंना विचारते, "काकू, पाणी आलं का हो?" तिच्या बोलण्यात भीतीचा मागमूसही नको. भीती आपल्याकडे आहे, तिच्याकडे नाही.

ही दुसरी वाट धरली की प्रत्येकाचं काम बदलतं. ठशांचा क्लोजअप स्थिर आणि स्वच्छ हवा, कारण पुढचं दीड मिनिट त्याच्यावर उभं आहे. पाण्याचे ठसे लाइट लावेपर्यंत सुकून जातात. पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळलं की जास्त टिकतात. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंतचं सातत्य, बघणाऱ्याने पिशवी कोणत्या खांद्यावर होती ते लिहून ठेवायचं. एडिटरला जिन्याचे शॉट गरजेपेक्षा लांब मिळाले पाहिजेत, नाहीतर ताणायला त्याच्या हातात काही उरत नाही.

आता वेळेचा हिशेब. दोन मिनिटांत सरासरी पाच सेकंदांचा शॉट धरला तर 24 शॉट होतात. त्यांचे 12 सेटअप, म्हणजे कॅमेरा आणि दिव्यांच्या 12 मांडण्या, केल्या आणि एकेकाला अर्धा तास लागला, तर सहा तास गेले. संधिप्रकाश तेवढा थांबत नाही. म्हणून शॉट डिव्हिजन, म्हणजे शॉटची यादी, कथेच्या क्रमाने न लावता कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे लावा: जिन्याखालून दिसणारे सगळे एकदम, मग वरून दिसणारे. खोलीतले शॉट दुपारीच, खिडक्यांना काळं कापड लावून उरकून घ्या. संध्याकाळ फक्त वाड्याच्या चौकासाठी राखून ठेवा.

रेकीला, म्हणजे चित्रीकरणाची जागा आधी बघायला, गेलात की नुसते फोटो काढून परतू नका. तिथलेच दिवे लावून थोडं चित्रीकरण करून बघा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम आणि 1/60 सेकंद शटरवर असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा, म्हणजे तो त्रास मिटतो.

परवानगी वाड्याच्या मालकाची घ्याच, भाडेकरूंनाही आधी सांगा. आणि खोटं पिस्तूल घेऊन रस्त्यावर कोणी पळू नये. बघणाऱ्याला ते खरंच वाटणार.

आवाजाकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण विद्यार्थी तिथेच घाई करतात आणि वरून संगीत ओततात. 1937 साली 'प्रभात' फिल्म कंपनीने याच पुण्यात 'कुंकू' केला. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. व्ही. शांताराम यांनी त्या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरातल्या-दारातल्या आवाजांवर प्रसंग उभे केले. तुमच्या वाड्यात कबुतरं आहेत, पागोळ्या आहेत, कुणाकडे तरी कुकर लावलेला आहे. मुलगी दाराला हात लावते त्याच क्षणी खालून शिट्टी झाली, तर त्याहून वेगळं संगीत कशाला हवं? शेवटचा शॉट ओके झाला की सगळ्यांना गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज, रेकॉर्ड करा. तो नसेल तर एडिटमध्ये प्रत्येक कट कानाला खटकतो.

कच्चा एडिट गटाबाहेरच्या दोघांना दाखवा, आधी काहीही न सांगता. 'आवडलं का?' असं विचारू नका. 'खोलीत कोण असेल?' असं विचारा. त्यांनी 'कुठल्या खोलीत?' असं म्हटलं, तर ठशांचा शॉट पुन्हा घ्यावा लागेल. त्या पॅचवर्कसाठी वेळापत्रकात एक सकाळ आजच धरून ठेवा.