बेडकाला दूध कुणी पाजलं? कमी जादूच्या जगातलं सोबतीचं जनावर

(टेबलावर मातीचं छोटं मडकं, वर झाकण. कॅमेरा आधी मडक्यावर, मग माझ्यावर.)

या मडक्यात काय आहे ते नंतर. आधी घुबडाबद्दल बोलू.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, खेळत असाल तर हे घुबड तुमच्या ओळखीचं आहे. २०१४ ची पाचवी आवृत्ती, पहिल्या लेव्हलचं स्पेल, म्हणजे अगदी सुरुवातीची जादू, नाव 'फाइंड फॅमिलियर'. फॅमिलियर म्हणजे जादूगाराच्या सोबतीचं जनावर. पितळी शेगडीत दहा सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळायच्या, तासभर मंत्र म्हणायचा, की एक आत्मा जनावराचं रूप घेऊन तुमच्या दिमतीला हजर. मांजर घ्या, उंदीर घ्या, कावळा घ्या, हवा तर समुद्रघोडासुद्धा घ्या. पण आमच्या टेबलवर तरी सगळ्यांना घुबडच लागतं.

का, तर हिशोब सोपा आहे. घुबड उडत येतं, शत्रूच्या डोळ्यांसमोर फडफडून तुमच्या मित्राला मदत करतं आणि निघून जातं. जाताना शत्रूला त्याच्यावर वार करायची संधीच मिळत नाही. तुमच्या मित्राला मात्र एकाऐवजी दोन फासे टाकायला मिळतात, मोठा आकडा ठेवायचा. १०० फुटांच्या आत असेल तर त्याच्या डोळ्यांनी बघता येतं. आणि मेलं तर? मरतच नाही. नाहीसं होतं. परत दहा मुद्रा, परत एक तास, घुबड परत खांद्यावर.

मग टेबलवर काय होतं? अंधारा बोगदा आला, "घुबड पाठव." दाराला सापळा असेल अशी शंका आली, "घुबडाला त्यावर बसव." मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून तिकडे अर्धा तास घालून सापळा रचलेला, आणि एक हिट पॉइंटचं, म्हणजे जीव मोजायच्या आकड्यात फक्त एक असलेलं, घुबड तो चार सेकंदांत फुकट उडवून देतं. पंख लावलेला ड्रोन झाला हो तो!

आता, जिथे गल्लीबोळात जादूगार आहेत अशा जगात हे चालून जातं. माझी तक्रार त्यावर नाही. पण तुमचं जग कमी जादूचं असेल, म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीत एखाद्याच म्हातारीला काहीतरी येतं आणि तेही लोक दबक्या आवाजात बोलतात, तर तिथे हे घुबड आणलं की त्या जगाचा जीवच जातो. तिथलं जनावर पोसावं लागलं पाहिजे, लपवावं लागलं पाहिजे, आणि गेलं तर कायमचं गेलं पाहिजे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही बरं का. याच खेळाचं १९७८ चं खेळाडूंचं पुस्तक घ्या. स्पेलचं नाव हेच, शेगडीही पितळीच. पण खर्च १०० सुवर्णमुद्रा, वेळ एक ते चोवीस तास, आणि प्रयत्न वर्षातून एकदाच. जनावर कोणतं, ते तुम्ही ठरवत नाही. वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ ते ४ आलं तर काळं मांजर. ११ किंवा १२ आलं तर बेडूक. तुम्हाला ससाणा हवा होता, तरी बेडूकच. आणि १६ ते २० आलं तर आसपास एकही जनावर नाही. म्हणजे चारातून एकदा तुम्ही दिवसभर धूर करून, डोळे लाल करून, शंभर मुद्रा राखेत घालून नुसतेच बसलेले असता. पुढच्या वर्षी बघू!

खरी मेख पुढे आहे. ते जनावर मेलं, तर त्याचे जेवढे हिट पॉइंट होते त्याच्या दुप्पट तुमचे जातात. कायमचे. आता सांगा बघू, सापळ्यावर कोण बसवेल त्याला? ज्याचं मांजर असं आहे, तो मांजराला पिशवीत घालून, पोटाशी धरून दरवाजातून जातो. एका नियमाने अख्खं वागणं बदलतं.

(खुर्ची थोडी पुढे ओढतो.)

पण नियमांपेक्षाही मला जुना इतिहास जास्त उपयोगी पडला, तो इंग्लंडचा. फॅमिलियर ही कल्पना मुळात तिथल्या चेटकिणींच्या खटल्यांमधली. १५६६ साली एसेक्समधल्या चेम्सफर्डला ॲग्नेस वॉटरहाउस नावाच्या गरीब विधवेवर खटला चालला. तिच्याकडे एक ठिपक्यांचं पांढरं मांजर होतं. ते तिला एलिझाबेथ फ्रान्सिस नावाच्या शेजारणीने दिलेलं, आणि एलिझाबेथला तिच्या आजीने. तीन बायकांच्या हातून फिरलेलं मांजर. कबुलीजबाबात काय काय आहे बघा: त्याला दूध-पाव द्यायचा, काम करून आलं की रक्ताचा थेंब द्यायचा. ॲग्नेसने त्याला मडक्यात लोकर घालून त्यात ठेवलं होतं. पुढे गरिबी इतकी आली की ती लोकर वापरायला हवी झाली. म्हणून तिने मांजराचा बेडूक केला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. जादू कशासाठी वापरली? सोन्यासाठी नाही, राजाला मारायला नाही. मूठभर लोकर मोकळी व्हावी म्हणून. कमी जादूचं जग कसं दिसतं असं मला कुणी विचारलं तर मी हे मडकं दाखवतो. ॲग्नेसला त्याच वर्षी फाशी दिली.

आणि १६०४ चा कायदा ऐका. दुष्ट आत्म्याशी करार करणं हा गुन्हा, त्याला कामाला लावणं हा गुन्हा, आणि त्याला खायला घालणं हाही गुन्हा. खायला घालणं! म्हणजे तुमच्या हातातली वाटी हाच पुरावा. मॅथ्यू हॉपकिन्स हा चेटकिणी शोधत फिरणारा माणूस १६४५ च्या सुमारास याच एसेक्समध्ये संशयित बाईला रात्र रात्र जागी ठेवून तिच्याकडे कोणतं जनावर येतंय याची वाट बघायचा. अशा वेळी खोलीत शिरलेला साधा उंदीरसुद्धा केवढ्याला पडेल!

आता मुद्दा असा, की ते जनावर खरंच जादूचं होतं का हे टेबलवर कुणाला पक्कं कळता कामा नये. माझा एक नियम आहे: जनावर मराठीत बोलत नाही, इंग्रजीत बोलत नाही, डोक्यात येऊनही बोलत नाही. ते जे करतं ते जनावरच करेल असं असतं, फक्त जरा जास्तच वेळेवर.

आणि खऱ्या जनावरांकडे इतकं काही आहे की फारसं घालावंच लागत नाही. सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, कड्या घालून सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे अंगावर ओरडत यायचे. काही वर्षं उलटली तरी. आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील. आता हेच तुमच्या खेळात आणा: खेळाडूचा कावळा बाजारात एकाच माणसावर ओरडतो. का? त्याने कधीतरी दगड मारला असेल. किंवा तो खुनी असेल. मी सांगत नाही.

आपल्याकडे पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. पिंगळा पक्ष्याने मला तुमच्या घरातलं सांगितलं, म्हणायचा. पक्षी बोलला का, याची शहानिशा कुणी करायचं नाही. सूप घेऊन आई बाहेर यायचीच.

(मडकं जवळ ओढतो.)

तर, हे मडकं. आमच्या चालू कॅम्पेनमधलं, म्हणजे एका बैठकीतून, सेशनमधून, दुसऱ्या सेशनमध्ये पुढे चालणाऱ्या गोष्टीतलं. खारं, पावसाळी गाव, माणसं मीठ विकून जगतात. एका मैत्रिणीचं कॅरेक्टर म्हणजे जडीबुटी देणारी बाई, एकटी राहणारी. तिच्याकडे खरबरीत अंगाचा बेडूक आहे, भेक म्हणतात तो. तो काय करतो? एकच गोष्ट. घरात कुणी खोटं बोललं की तो अंग फुगवतो. बेडूक तसाही अंग फुगवतोच, त्यामुळे दोन सेशन तिलाही खात्री नव्हती.

दर सेशनच्या सुरुवातीला मी तिला एकच प्रश्न विचारायचो: "आज त्याला काय दिलंस?" पहिल्यांदा ती हसली. मग वहीत लिहायला लागली. किडे, गोगलगाय, आणि रोज पावशेर दूध, कारण मी सांगितलं होतं की तो दूध पितो. जाणकार लगेच कमेंट करतील की बेडूक दूध पीत नाही. नाहीच पीत. तिच्याकडे तेवढा एकच पुरावा होता की हा साधा बेडूक नाही.

गावात दुष्काळ पडला. तिच्यावर संशय कुणी घेतला असेल? जादूगाराने नाही, सैनिकाने नाही. गवळणीने. "घरात लेकरू नाही, ही बाई रोज पावशेर दूध कुणासाठी नेते?" एवढंच बोलली ती, विहिरीवर, चार बायकांसमोर. टेबलवर अशी शांतता मी ड्रॅगन आणला तेव्हाही नव्हती.

मैत्रिणीने फासा उचलला. मी म्हटलं, फासा नको, काय करतेस ते सांग. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मी तिच्यासमोर सगळं दूध पिऊन टाकते." दुसऱ्या दिवशीही तेच. गवळण रोज बघायला यायची, ही रोज प्यायची. वहीत बेडकापुढची ओळ आठ दिवस कोरी.

नवव्या दिवशी गवळण यायची थांबली. मैत्रीण म्हणाली, मी झाकण उघडते. तिने खरंच हे मडकं ओढलं आणि झाकण उचललं.

(झाकण काढून मडकं कॅमेऱ्याकडे तिरकं करतो.)

मी तिला म्हटलं, लोकर आहे. एका बाजूला दबलेली. अजून ओली आहे.

तिने विचारलं, "आणि तो?"

सेशनची वेळ संपली होती. पुढचं रविवारी आहे, आणि खरं सांगू, मलाही अजून ठरवता आलेलं नाही.