शनिवारचं काय करायचं?

(सोलापुरात लहान मुलांच्या पालकांसाठी भरलेल्या मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)

पाळकसाहेब, महिला मंडळाच्या बहिणींनो, आणि मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या आईबाबांनो, सर्वांना सलाम. लेकरं रडली तर रडू द्या, बाहेर नेऊ नका. तीस वर्षं बालवाडीत काढल्यामुळे मला शांत खोलीत बोलायची सवय नाही.

पत्रिकेत माझा विषय ‘ईस्टरच्या आठवड्यातले सात घरगुती उपक्रम’ असा छापलाय. दिवसाला एक. सातही सांगते, पण आधी मला एका दिवसाबद्दल बोलू द्या. तो दिवस म्हणजे शनिवार.

आपलं कसं असतं बघा. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, पोरांच्या हातात झावळ्या देतो, ती एकमेकांच्या डोळ्यांत खुपसतात, मजा असते. गुरुवारी प्रभुभोजन. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, बाहेर सोलापूरचं ऊन, आत पंखे आणि पांढऱ्या साड्या. आणि ईस्टरच्या रविवारी पहाटे अंधारात उठून ‘प्रभू उठला आहे’, ‘खरोखर उठला आहे’. मधल्या शनिवारी काय करतो आपण? नवी पेठेत जातो. कपडे, केक, मटणवाल्याला आगाऊ सांगणं. मुलाच्या डोक्यात हा दिवस बाजाराचा म्हणून बसतो. संडे स्कूलमध्येसुद्धा आपण शुक्रवारची गोष्ट सांगतो, फळ्यावर तीन क्रूस काढतो आणि त्याच दमात म्हणतो, ‘पण तिसऱ्या दिवशी...’ मीही वर्षानुवर्षं तसंच सांगत आले.

त्यातून काय घडलं ते सांगते. ज्याची ही गोष्ट आहे तो आज पंचेचाळिशीचा आहे. त्याला विचारूनच सांगतेय.

माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा. माझ्याच वर्गात बसायचा. त्या वर्षी ईस्टरला मी वर्गाकडून म्हणून घेतलं होतं, ‘मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला.’ बोटांवर. एक, दोन, तीन. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. पुढे मे महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या, म्हणजे त्याची आजी. सोमवारी गेल्या. घरात माणसं, रडारड, दफनभूमीत जाऊन आलो. मुलांना सगळे एकच सांगत होते, आजी प्रभूकडे गेली.

बुधवारी सकाळी मी चहा ठेवायला उठले तर हा उंबऱ्यावर बसलेला. आपल्या आपण अंघोळ केलेली. केस ओले, भांग पाडलेला, तोही वाकडा. समोर पाण्याचा तांब्या, त्यावर वाटी उपडी घातलेली. आजी बाहेरून आली की चप्पल काढायच्या आधी पाणी मागायची, तेही उंबऱ्यातच. मी विचारलं, ‘कुणाची वाट बघतोस रे?’ तो म्हणाला, ‘आजीची. आज तिसरा दिवस ना, मामी?’

आणि त्यानं बोटं दाखवली. सोमवार, मंगळवार, बुधवार.

मला काही सुचलं नाही. ‘ऊन लागेल, आत चल’ एवढंच म्हणाले. तो आला नाही. दुपारपर्यंत बसला. मध्ये एकदा वाटी उचलून पाण्यात बोट घालून बघितलं, तापलं होतं, म्हणून आत जाऊन बदलून आणलं. संध्याकाळी तो तांब्या त्यानं अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात ओतला आणि मला काही विचारलं नाही. त्या मुलानं एकही प्रश्न विचारला नाही, हे मला आजही जड जातं. त्याला वाटलं असणार की आपलंच मोजणं चुकलं.

त्याचं मोजणं बरोबर होतं, शिकवणं माझं अपुरं होतं. मी त्याला शुक्रवार शिकवला, रविवार शिकवला आणि शनिवार गाळला. शनिवार म्हणजे काय? प्रभू कबरेत आहे, धोंड लागलेली आहे, उद्या काय होणार हे कुणालाही माहीत नाही. आजी गेल्यानंतर आपण सगळे त्या शनिवारात असतो. प्रभू उठला म्हणून आपलीही आशा आहे, पण आपला रविवार अजून यायचाय. हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं. वाट बघणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? आई कामावरून यायची वाट तो रोज बघतो.

आता मोजण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी मला गाठून विचारतं, ‘बाई, शुक्रवारी दुपारपासून रविवारी पहाटेपर्यंत तीन दिवस कसे होतात?’ अहो, आपण मराठी माणसं रोज असंच मोजतो. शिंपी म्हणतो, ‘आठ दिवसांनी या.’ रविवारी सांगितलं तर तुम्ही कधी जाता? पुढच्या रविवारी. म्हणजे सातच दिवस झाले की! पंधरा दिवसांनी म्हणजे दोन आठवडे, भरतात चौदा. आपण पहिला दिवसही धरतो आणि शेवटचाही. पवित्र शास्त्रातले लोक तसेच मोजायचे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात थोमा या शिष्याला प्रभू भेटतो तो ‘आठ दिवसांनी’, म्हणजे पुढच्याच रविवारी. त्यात त्यांचा दिवस सूर्यास्ताला बदलायचा. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत पुरलं तो पहिला दिवस, शनिवार दुसरा, रविवारची पहाट तिसरा. मराठी मुलाला हे समजावणं सोपं आहे. त्याच्या आजीच्या बोलण्यात ते आधीपासून आहे.

सणाची तारीख दरवर्षी का बदलते, तेही तसंच. आपली मुलं पौर्णिमेवरचे सण बघतच वाढतात. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. चर्चचं हे पंचांग त्यांच्या कोष्टकांवरून चालतं, पण गच्चीवरून बघायला एवढं पुरे. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्येच पडतो. 2024 मध्ये होळीची पौर्णिमा झाली आणि तिच्या पुढच्या रविवारी, 31 मार्चला ईस्टर आला. 2025 मध्ये हनुमान जयंतीची पौर्णिमा धरली गेली आणि ईस्टर 20 एप्रिलला. यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेचा, आणि प्रभूचं मरण-उठणं त्याच सणाच्या दिवसांतलं, म्हणून हे नातं. मुलाला गच्चीवर न्या आणि चंद्र दाखवा. प्रभूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं त्या रात्रीही आकाशात असाच मोठा चंद्र होता, एवढं सांगा. त्याला दुसरं चित्र लागत नाही.

मागच्या वर्षी माझी नात शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. शाळेचं नाव घेत नाही. ‘ईस्टरनिमित्त सशाचा मुखवटा आणि प्लॅस्टिकची अंडी आणावीत.’ दुकानात तो सगळा संच तयार मिळतो. मी नातीला विचारलं, ‘ईस्टर म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘सशाचा वाढदिवस.’ हसा, मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. अंड्यांशी माझं भांडण नाही. जुन्या काळी युरोपात उपासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नव्हत्या, साठलेली अंडी सणाला निघायची. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती लाल रंगवतात, प्रभूच्या रक्ताची खूण म्हणून. ससा जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातला, सतराव्या शतकात तो कागदोपत्री दिसतो. त्यांच्याकडं तेव्हा बर्फ वितळतो, ससे शेतात दिसायला लागतात, त्यांना ते शोभतं. आपल्याकडं तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो. अंडी रंगवायचीच तर कांद्याच्या सालींत उकडा. सोलापूरच्या बाजारात कांद्याच्या सालींचे ढीग पडलेले असतात. अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवा, जुन्या पातळ कापडात घट्ट बांधा आणि सालींच्या पाण्यात उकडा. अंडं विटकरी तांबडं होतं आणि पानाची जागा फिकी राहते. पान सोलून काढताना मुलाचा चेहरा बघा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवलं ते दगड, बिया, शंख-शिंपले घेऊन. जे अंगणात आहे तेच साधन. आमच्या बालवाडीच्या प्रशिक्षणात आम्ही हेच शिकलो. मग ईस्टर शिकवायला आपल्या स्वयंपाकघरात काय आहे?

मटकी आहे.

शुक्रवारी सकाळी मुलाच्या मुठीनं मटकी घ्यायची आणि पाण्यात घालायची. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत, कारण प्रभूलाही शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा शनिवार, लागायच्या आत घाईनं पुरलं, ती उपसून पांढऱ्या ओल्या फडक्यात मुलानंच बांधायची. पुरचुंडी ओट्याखाली अंधारात ठेवायची आणि पुढे वरवंटा लावायचा. ही धोंड. शनिवारी कुणीही उघडायचं नाही. मूल दहा वेळा विचारणार, ‘बघू का?’ तुम्ही म्हणायचं, ‘अजून नाही. आज शनिवार.’ संपूर्ण धडा एवढाच आहे. रविवारी पहाटे दिवा न लावता वरवंटा सारायचा आणि फडकं उघडायचं. मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आलेले असतात, सोडवताना तुटतात.

पहिल्या वर्षी मी पुरचुंडी स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवली होती. आपला एप्रिल. रविवारी डबा उघडला तर आंबूस वास, मटकी बुळबुळीत झालेली. मुलं माझ्याकडे बघत राहिली. म्हणून सांगते, पुरचुंडी चाळणीवर ठेवा, हवा लागू द्या, आणि शनिवारी सकाळ-संध्याकाळ वरूनच पाणी शिंपडा. मुलालाच शिंपडू द्या. वाट बघणाऱ्याच्या हाताला काम हवं. प्रभूच्या कबरेकडे जाणाऱ्या बायकांनीही आधी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि मग शब्बाथ पाळला, असं लूक लिहितो.

एक मात्र मुलाला सांगायचं, मटकीला मोड येणं हा तिचा स्वभाव आहे. प्रभूचं उठणं हे देवाचं काम. जमिनीत पडून मेला तरच पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत प्रभूनं स्वतः दिला, म्हणून आपण मटकी घेतो. त्यासारखं आहे, पण तेच नाही. मुलांना हा फरक चांगला कळतो.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. बरं, बाकीचे दिवस भराभर सांगते, लिहून घ्या.

झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी फेकू नका. दारावर लावा, वाळताना मुलाला दिसू द्या. सोमवारी घर झाडायचं, मुलाच्या हातात छोटा झाडू, कारण प्रभूनं मंदिर साफ केलं. मंगळवारी डब्यातली नाणी मोजायची आणि विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सांगायची. बुधवारी कांद्याच्या साली गोळा करायच्या, शेजारच्या घरांतूनही. शेजारी तेलुगू असोत, कानडी असोत, ‘कशाला हव्यात?’ विचारतील, तेव्हा मुलालाच उत्तर देऊ द्या. गुरुवारी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं सर्वांत लहानाचे पाय धुवायचे. आजोबा खाली वाकू शकत नसतील तर मुलाला खुर्चीवर बसवा. हे कितीही अवघड वाटलं तरी टाळू नका.

शुक्रवारी क्रुसाविषयी बोलताना तीन-चार वर्षांच्या मुलाला खिळ्यांचं वर्णन नको. ‘लोकांनी त्याला खूप दुखवलं, आणि त्यानं त्यांना क्षमा केली’ एवढं पुरे. सात-आठ वर्षांचं मूल स्वतः विचारतं, त्याला खरं ते सांगा.

रविवारसाठी आपल्या गावासारखं गाव नाही. जेवणाच्या टेबलावरून सोलापुरी चादर चारी बाजूंनी सोडा, झाली कबर. पहाटे मूल उठायच्या आत आत टॉवेल पसरा, आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून बाजूला ठेवा. योहान अगदी असंच सांगतो. मूल रांगत आत जातं आणि कुणीच नसतं. आमच्या एका पोरानं आतून ओरडून सांगितलं होतं, ‘घडी घालून गेलाय!’ घाईनं पळालेला माणूस घडी घालत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आणि मार्कातला त्या बायकांचा प्रश्न विचारा, धोंड कोण लोटील? सोलापूरचं मूल पहिल्यांदा जेसीबी म्हणतं. म्हणू दे. मग परत विचारा.

अम्माऊसची वाट राहिली. प्रभू उठला त्याच दिवशी त्याचे दोन शिष्य अकरा-बारा किलोमीटर चालत अम्माऊस गावी गेले. संध्याकाळी मुलाला घेऊन थोडं चाला आणि एकच भाकरी मोडून सगळ्यांनी खा. वाटेत सोबत चाललेल्या प्रभूला त्यांनी भाकर मोडताना ओळखलं.

संपवते, पाळकसाहेब घड्याळ बघतायत.

दाराजवळच्या टेबलावर मटकीच्या पुड्या बांधून ठेवल्यात. घरटी एक घ्या. ज्यांच्या घरात यंदा कुणी गेलंय त्यांनी दोन घ्या, आणि मुलानं शनिवारी विचारलं की आजी कधी येणार, तर पाणी शिंपडता शिंपडता त्याच्याशी बोला. फडकं सुती घ्या, नायलॉनचं नको.