लासलगाव : थांबण्यावर उभं राहिलेलं गाव

मंडळी, लासलगावचं नाव निघालं की समोरचा माणूस एकच गोष्ट विचारतो, आज भाव काय निघाला? गाव कसं आहे, तिथली माणसं कशी जगतात, हे कुणी विचारत नाही. मला आज तेच सांगायचं आहे. मात्र कांदा बाजूला ठेवून ते सांगता येणार नाही, हे आधीच कबूल करतो.

हा नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म निफाडचा, १८४२ सालचा. लासलगावच्या शेजारी विंचूर, म्हणजे विंचूरकर सरदारांची जहागीर. वर चांदवडला होळकरांचा रंगमहाल, आणि खुद्द लासलगावातही होळकरांच्या काळचा किल्ला आहे. इतिहास भरपूर, पण गाव वाढलं ते सरदारांमुळे नव्हे. १८६० च्या दशकात मुंबईहून इगतपुरीमार्गे भुसावळकडे रेल्वे गेली आणि लासलगावला स्टेशन मिळालं. विंचूरला जहागीर होती, रूळ नव्हते. पुढे १९४७ साली इथे बाजार समिती झाली. आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण याच तालुक्यातली दुसरी मोठी कांदा बाजारपेठ असलेल्या पिंपळगाव बसवंतच्या माणसासमोर हे वाक्य जरा जपून उच्चारावं, एवढंच.

बाहेरच्या माणसाला कांदा म्हणजे कांदा. तिथे मात्र वर्षाचे तीन कांदे असतात, आणि घराघरातला फरक त्यांच्यावरून कळतो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे निघायला लागतो. त्याच्या मागून रांगडा. या दोघांचा स्वभाव असा की काढले की विकायचे. ठेवले तर सडतात किंवा कोंब धरतात. तिसरा उन्हाळ कांदा. उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी एप्रिलच्या सुमाराला. हा टिकतो. नीट वाळवून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला तर चार-पाच महिने सहज, कधी दिवाळीपर्यंतही.

माझं म्हणणं इतकंच आहे की लासलगाव परिसराची सगळी समाजरचना या टिकण्यावर बेतलेली आहे. ज्याला थांबता येतं तो वेगळा आणि ज्याला येत नाही तो वेगळा. दोघांची जमीन सारखी असेल, पाणीही एकाच पालखेडच्या कालव्याचं असेल. पण एकाकडे चाळ आहे आणि सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर फिरवायला दुसरा पैसा आहे. दुसऱ्याला मे महिन्यात मुलीचं लग्न काढायचं आहे. तो काढणी झाली की ट्रॉली भरतो, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांचा माल बाजारात आलेला असतो.

चाळ ही साधी दिसणारी पण फार विचाराने बांधलेली वस्तू. जमिनीपासून उचललेली, तळाला आणि बाजूंना फटी ठेवलेली, रुंदी जेमतेम चार-पाच फूट, म्हणजे मधल्या कांद्यालाही वारा लागावा. एकपाखी, म्हणजे एकाच ओळीची, असेल तर दक्षिणोत्तर, दोन ओळींची दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम. एवढं करूनही थांबण्याची किंमत मोजावी लागते. चार-पाच महिन्यांत वजनाचा पाव हिस्सा, कधी तिसरा हिस्सा उडून जातो. काही सुकतो, काही सडतो. पावसाळ्यात चाळीजवळून जाताना घरच्या बायका नुसत्या वासावरून सांगतात की आत कुठेतरी बिघडलंय. मग चाळ फोडायची, निवडायचं, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढायची. लागवडीपासून पात कापण्यापर्यंत आणि पुढे या निवडण्यापर्यंत कांद्याला सगळ्यात जास्त हात बाईचा लागतो. लिलावाच्या घोळक्यात मात्र ती क्वचितच दिसते. मजुरांच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातून येतात, उक्तं ठरवून एकराने लागवड करतात आणि पुढच्या शिवारात जातात. गावाच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी लिहीत नाही. चाळ कुणाची हे मात्र सगळ्यांना पाठ असतं.

लिलावाबद्दल फार सांगत नाही, टीव्हीवर पाहिलाच असेल. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका, बोली, आणि एका वकलाचा, म्हणजे मालाच्या एका लॉटचा, निकाल बघता बघता. खरी धाकधूक त्यानंतरची. वजन करून ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, माल उपसला जातो, आणि खालून हलका माल निघाला की मघाचा भाव पुन्हा चर्चेला येतो.

या थांबण्याला विज्ञानाचा हात लावायचाही प्रयत्न झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याचे कोंब रोखायचे, ही कल्पना. गंमत अशी की या केंद्राचं नाव जगात गेलं ते आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा हापूस आणि केशरच्या पेट्या विकिरणासाठी कांद्याच्या या गावात आल्या होत्या.

आणि सरकार? तेही थांबणाऱ्यांपैकीच. उन्हाळ्यात नाफेडसारख्या संस्थांमार्फत कांदा घ्यायचा आणि सणासुदीच्या तोंडावर शहरात उतरवायचा. २०२३ साली हा साठा ५ लाख टनांपर्यंत नेण्याचं ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं. ऑगस्टच का, ते बघा. एप्रिलपासून ज्यांनी चाळी भरून वाट पाहिली, त्यांचा माल बाहेर काढायचा तो हंगाम. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, म्हणजे थांबणाऱ्याला आणखी थांबवलं. डिसेंबरात थेट निर्यातबंदी झाली, आणि ती बसली लाल कांदेवाल्याला, ज्याला आठवडाभरही दम धरता येत नाही. मे २०२४ मध्ये बंदी उठली. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. दिल्लीत १९९८ साली कांद्याने सरकार पाडलं, हे आपण चवीने सांगतो. मला विचाराल तर त्या गोष्टीची किंमत निफाड-येवल्याचा शेतकरी अजून फेडतो आहे, कारण तेव्हापासून प्रत्येक सरकार शहरातल्या भावाला घाबरतं. तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने २०१८ मध्ये ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. तो नाटकीपणा नव्हता, हिशोब होता.

शेवटचा मुद्दा गावाच्या दिनक्रमाचा. इथे अमावास्येला लिलाव होत नसत. बाजार समितीच्या सुरुवातीपासूनची रीत. त्या दिवशी सगळ्यांच्या कामाला सुट्टी. २०२४ मध्ये ती मोडली आणि अमावास्येलाही बोली लागली. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हमाली, तोलाई, वाराई, म्हणजे मालाच्या चढ-उताराची आणि वजनाची मजुरी, शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापायची की नाही, यावरून व्यापारी आणि हमाल-मापाऱ्यांत वाद पेटला आणि जिल्ह्यातले लिलाव बरेच दिवस अडले. तेव्हा काही ठिकाणी समितीच्या आवाराबाहेर, खाजगी जागेत लिलाव भरले. माल तिथेही आला. उन्हाळ कांदा नुकताच निघत होता, चाळ भरायची की विकायचं हे ठरवायचे ते दिवस, आणि ज्यांना थांबणं शक्य नव्हतं त्यांनी ट्रॉली जिथे बोली होती तिथे वळवली. समितीच्या निवडणुकीला पॅनेल उभी करणाऱ्यांनी त्या ट्रॉल्या कुणाच्या होत्या, ते एकदा मोजून पाहावं.