बर्बेराच्या धक्क्यावर

(दृश्य: पहाट. मेंढरांची रांग लाकडी फळीवरून जहाजात चढते आहे.)

डोकं आणि मान काळीकुळीत, बाकी अंग पांढरंशुभ्र, शेपटीच्या मुळाशी चरबीचा गोळा. लोकर जवळजवळ नाहीच, अंगावर आखूड केस. हे सोमाली मेंढरू. एडनच्या आखातावरचं हे बंदर आफ्रिकेच्या ईशान्य टोकावरच्या सोमालीलँडमधलं बर्बेरा. इथून सौदी अरेबियातलं जेद्दा जहाजानं दोन-तीन दिवसांवर. हजच्या आधीचे दोनेक महिने या धक्क्याला उसंत नसते.

(दृश्य: सोमालीलँडच्या आतल्या भागातल्या बुराओ शहराचा बाजार. कापडाखाली दोन हात.)

हा सौदा महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारात मुरलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. कापडाखाली बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. मधल्या माणसाला इथे म्हणतात ‘दिलाल’. आपला दलालही त्याच अरबी शब्दातून आलेला.

बाजारातली बरीच मेंढरं इथिओपियाच्या सोमाली प्रदेशातून येतात. पावसात कळप ‘हौद’ नावाच्या पठारावरच्या कुरणात, उन्हाळ्यात विहिरीच्या आसऱ्याला. मध्ये देशाची सीमा आहे, पण कळप पाण्यामागे जातो, आणि रोग कळपामागे.

किती दूर जातो, ते 1887 मध्ये दिसलं. इटालियन सैन्यासाठी भारतातून आणलेली गुरं मसावा बंदरात उतरली, तीच बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग घेऊन. मसावा आज एरिट्रियात आहे. दहा वर्षांत रोग आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. वाटेतली बहुतेक गुरं मेली, बैल गेल्यानं नांगर थांबले आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. बुळकांडी संपल्याची घोषणा व्हायला 2011 उजाडलं. शेवटच्या टप्प्यात मोठं काम केलं ते उष्णता सोसणाऱ्या लशीनं. 37 अंशांतही ती महिनाभर टिकायची, म्हणून बर्फाची पेटी न घेता, पायी फिरणाऱ्या गावच्या पशुसेवकांच्या झोळीतून ती कळपांपर्यंत गेली.

आता इथल्या व्यापाऱ्याची झोप उडवतो तो रिफ्ट व्हॅली ताप. 1930–31 मध्ये केनियातल्या नैवाशा सरोवराजवळ तो पहिल्यांदा ओळखला गेला. एडिस जातीच्या डासांची अंडी सुक्या खळग्यांच्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि काही अंड्यांत विषाणूही असतो. अतिवृष्टीनं खळगे भरले की अंडी फुटतात. पुढे साचलेल्या पाण्यावर वाढणारे क्युलेक्स डास रोग पसरवतात. म्हणूनच 1997–98 आणि 2006–07 या साथी मुसळधार पावसापाठोपाठ आल्या. दुसऱ्या वेळी उपग्रहांवरून समुद्राचं तापमान, पाऊस आणि हिरवळ पाहून काही आठवडे आधीच इशारा देता आला होता.

(दृश्य: मोकळं माळरान. एक मेंढी बसलेली, बाजूला मेलेलं कोकरू.)

कळपात ओळखायची खूण एकच: एकदम, धडाधड गाभडणं, म्हणजे गर्भपात. एखादी मेंढी मार लागून गाभडते, चाऱ्यातल्या विषानं दोन-चार गाभडतात. इथे गाभण असलेल्या जवळजवळ सगळ्या, आणि कुठल्याही महिन्याच्या. आठवडाभराची कोकरं एक-दोन दिवसांत मरतात, मोठी मेंढरं त्यामानानं तगतात. अशा वेळी गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलायची नाही. माणसाला हा रोग डासापेक्षा बहुधा रक्तातून आणि अशा स्रावांतून लागतो. बहुतेकांना नुसता ताप येतो, पण थोड्यांना रक्तस्राव होतो, तर काहींची दृष्टी जाते. हातमोजे नसतील तर न फाटलेली प्लास्टिकची पिशवी हातात घालावी, गर्भ खोल पुरावा, कुत्र्यांपुढे टाकू नये. आजारी जनावर ‘मरण्याआधी कापू या’ म्हणून कापलं, तर सगळ्यात जास्त धोका कापणाऱ्यालाच.

सप्टेंबर 2000 मध्ये हा ताप तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये पोचला. आफ्रिकेबाहेरची ही पहिलीच साथ. सौदीनं आफ्रिकेच्या शिंगातली, म्हणजे या ईशान्य टोकाकडची, जनावरं घेणं बंद केलं. बर्बेरासाठी हे दार नोव्हेंबर 2009 मध्ये उघडलं, म्हणजे नऊ वर्षांनी, आणि ते धक्क्याजवळ विलगीकरण केंद्र उभं राहिल्यावर. मधल्या काळात मेंढरं आडवाटेनं, इतर बंदरांतून जातच होती. फक्त कुठली कुठून आली ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्या मते सरसकट बंदीचा खरा तोटा हाच. त्यात ‘माझ्या कळपात मेंढ्या गाभडल्या’ म्हणणाऱ्याच्या जनावराचा भाव पडतो आणि गप्प बसणाऱ्याचा टिकतो. मग खबर यायची कुठून?

लस टोचून मोकळं का होत नाहीत? जुनी जिवंत लस स्वस्त आहे, एका टोचणीत काम करते, पण गाभण मेंढीला दिली तर तीच गाभडवू शकते. मृत लस गाभणीला चालते, पण पुन्हा पुन्हा द्यावी लागते. भटक्या कळपाला तारखेला गाठायचं कसं? शिवाय साथ सुरू झाल्यावर एकाच सुईनं शंभर मेंढरं टोचली, तर सुईच डासाचं काम करते. आणि टोचलेल्या मेंढीच्या रक्तात रोगाशी लढणारी जी प्रतिपिंडं दिसतात, ती रोग होऊन गेलेल्या मेंढीसारखीच. तपासनीस फरक करणार कसा?

(दृश्य: विलगीकरण केंद्र. कुंपणांचे वाडे.)

ट्रकमधून उतरलेलं जनावर आधी सावलीत आणि पाण्यावर. त्याच दिवशी रक्त काढायची घाई करू नये. मग कानात बिल्ला. तो कानाच्या मध्यावर, दोन कूर्चांच्या रेघांमधे, मोठी शीर चुकवून बसवायचा. टोकाकडे बसवला की कुंपणात अडकतो आणि कान फाटतो. फाटक्या कानाचं जनावर कुर्बानीचं गिऱ्हाईक सहसा नाकारतं, म्हणजे चुकीच्या बिल्ल्यानं रोगाशिवायच भाव पडतो.

रक्त मानेच्या शिरेतून, साध्या नळीत, साधारण 5 मिली. नळी हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. सावलीत तिरकी ठेवून रक्त गोठू द्यायचं. हलवलेल्या नळीतलं रक्तजल (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) लाल होतं आणि चाचणीत दगा देतं. नळीवर बिल्ल्याचा क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा. ‘नंतर यादीवरून लिहू’ म्हटलं, मधली एक मेंढी सुटली आणि पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकले, की निरोगी मेंढरं नापास आणि आजारी जहाजात. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्राला ही चूक सापडत नाही.

ब्रुसेला हा जनावरं गाभडवणारा, माणसालाही लागणारा जिवाणू. त्यासाठी रोझ बेंगाल चाचणी. मेंढ्या-शेळ्यांसाठी 75 मायक्रोलिटर रक्तजल आणि 25 मायक्रोलिटर गुलाबी द्रव पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर मिसळायचा आणि चार मिनिटं हळू हेलकावायचा. गुठळ्या झाल्या तर दोषी. द्रव थेट फ्रिजमधून काढून वापरायचा नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. चार मिनिटांनंतर उमटलेल्या गुठळ्या धरायच्या नाहीत, थेंब सुकायला लागला की खोट्या गुठळ्या दिसतात.

रिफ्ट व्हॅली तापासाठी दोन प्रकारची प्रतिपिंडं पाहतात. आयजीएम असेल तर संसर्ग गेल्या काही आठवड्यांतला किंवा महिन्यांतला. नुसतं आयजीजी असेल तर जुनी गोष्ट, रोग होऊन गेलेला किंवा लस टोचलेली. आयजीएमवाली मेंढी कळपात एक जरी निघाली, तरी प्रश्न तिच्यापुरता राहत नाही. ती कुठल्या विहिरीवरून आली ते शोधावं लागतं.

विषाणू मेंढीच्या रक्तात साधारण आठवडाभर राहतो, त्यामुळे दोन आठवड्यांचं विलगीकरण त्याला पुरतं. मात्र वाड्यात डास नसले तरच. बर्बेराचा किनारा कोरडा, तरी गळक्या नळाखालचं डबकं डासांना पुरतं. ब्रुसेलाचं तसं नाही. तो महिनोन् महिने लपून राहतो, दिवस मोजून पकडता येत नाही.

चाऱ्याचीही गंमत आहे. माळावर झुडपं ओरबाडणाऱ्या मेंढराला गव्हाण म्हणजे काय ते माहीतच नसतं. दोन-तीन दिवस ते सुक्या गवताकडे बघत उभं राहतं. वजन घटतंय म्हणून कोणी धान्य ओततं, आणि आंत्रविषारानं (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं) किंवा अपचनानं सकाळी तीच धष्टपुष्ट मेंढरं मेलेली सापडतात. आधी गवत, मग मूठभर धान्य, वाढवायचं ते आठवड्याभरात. चारा खायला शिकलेली दोन-चार मेंढरं प्रत्येक वाड्यात सोडली तर बाकीची लवकर तोंड लावतात.

(दृश्य: जहाजाचा खालचा मजला. पंख्यांचा आवाज.)

तीस किलोचं मेंढरू या उष्म्यात दिवसाला चार-सहा लिटर पाणी पितं. त्या हिशेबानं टाक्या भरायच्या आणि वर एका दिवसाचा साठा ठेवायचा, कारण बंदरात उतरायला उशीर होतोच. पंखे बंद पडले तर आधी खालच्या मजल्यावरची जनावरं जातात. मुताच्या वाफेनं डोळे चुरचुरायला लागले की माणसालाही कळतं. त्याच क्षणी वारा वाढवायचा, पशुवैद्याची वाट बघायची नाही.

(दृश्य: केंद्राचं मागचं फाटक. वेगळा बांधलेला छोटा कळप.)

ही नापास ठरलेली. मालकाला ती बाजारात परत न्यायची असतात, त्याचे पैसे अडकलेले असतात. ब्रुसेलाची मेंढी परत गेली की पुढच्या गाभडण्यात तिच्या वारेतून अख्खा कळप बाधतो, आणि तिचं कच्चं दूध पिणारं घरही. तिला इथेच, देखरेखीखाली, कत्तलीला घ्यायचं. गर्भाशय आणि कास पुरायची. मांस नीट शिजवलं तर खायला चालतं. मालकाला तिचा भाव त्याच दिवशी रोख द्यायचा. बिल्ला कानासकट कापून घ्यायचा, आणि क्रमांक वहीत खोडायचा.